सलाईनची जागा सुजते? वॉर्डातच करा तिचा अभ्यास

‘आमच्याकडे सलाईनच्या जागा फार सुजतात’ ही तक्रार झाली. अभ्यासासाठी तिचा प्रश्न करावा लागतो: या वॉर्डात चार आठवड्यांत लावलेल्या कॅन्युलांपैकी (शिरेत ठेवायच्या बारीक नळ्यांपैकी) किती ठिकाणी फ्लेबायटिस, म्हणजे शिरेचा दाह, होतो, आणि दर शिफ्टला जागा पाहून वेळेवर कॅन्युला काढला तर तो कमी होतो का? एक वॉर्ड, एकच प्रश्न. यात ड्रेसिंगची तुलना, सुईचा गेज (जाडी) आणि नातेवाइकांचं समाधान घुसवलंत की काहीच पुरं होत नाही.

आधी परवानगी. फक्त वॉर्ड सुधारण्यासाठी मोजणार असाल तर अधिसेविका आणि विभागप्रमुखांची लेखी संमती बहुतेक ठिकाणी पुरते. परिषदेत मांडायचं किंवा छापायचं मनात असेल, तर नोंदी सुरू करण्यापूर्वीच नैतिकता समितीकडे अर्ज करा. मागाहून परवानगीची अपेक्षा ठेवू नका. तक्त्यावर पेशंटचं नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक.

तक्ता एका पानाचा हवा: लावल्याची तारीख-वेळ, गेज (१८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा), जागा, कोणती औषधं जातात, दर शिफ्टचा व्हीआयपी स्कोअर (शिरेचा दाह किती ते सांगणारा आकडा), काढल्याची वेळ आणि कारण. स्कोअर ० ते ५ असतो. किंचित दुखणं किंवा किंचित लाली, यांपैकी एकच असेल तर १, म्हणजे लक्ष ठेवा. दुखणं, लाली, सूज यांतली दोन लक्षणं दिसली की २, आणि २ ला कॅन्युला काढायचाच. ‘एवढी बाटली संपू दे’ म्हणत थांबायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जागेवर अपारदर्शक चिकटपट्टी असेल तर खालचं काही दिसत नाही, आणि तक्त्यात मुकाट्याने ० पडतो. सावळ्या त्वचेवर लाली चटकन कळत नाही. म्हणून बोटाने हलकेच दाबून पाहा: दुखतं का, गरम लागतं का, शीर दोरीसारखी कडक झाली आहे का? सुरुवातीला दोन परिचारिकांनी एकमेकींना न सांगता त्याच दहा हातांचे स्कोअर लिहावेत. ते जुळत नसतील तर पुन्हा शिका, मगच मोजणी सुरू करा.

दुसरा घोळ छेदाचा, म्हणजे टक्केवारी ज्या एकूण संख्येवर काढायची तिचा. फक्त सुजलेल्या जागांची नोंद ठेवली तर टक्केवारी काढणार कशाची? लावलेला प्रत्येक कॅन्युला मोजा. समजा ८० लावले आणि १४ ठिकाणी स्कोअर २ किंवा जास्त आला, तर प्रमाण १७.५ टक्के. काढल्यानंतरही ४८ तास ती जागा पाहत राहा, कारण फ्लेबायटिस उशिराही दिसतो. नाइटचे रकाने रिकामे राहिले तर दोष देत बसू नका. स्कोअर हँडओव्हरमध्येच पेशंटच्या खाटेपाशी घ्या.

मग बदल करा, पण एका वेळी एकच. त्याआधी झालेला अभ्यास वाचा. परिचारिका-संशोधक क्लेअर रिकर्ड यांच्या चमूने ऑस्ट्रेलियात ३,२८३ पेशंटांवर केलेली चाचणी २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिसऱ्या दिवशी नेमाने बदललेले कॅन्युला आणि गरज पडल्यावरच बदललेले, दोन्ही गटांत फ्लेबायटिस ७ टक्केच होता. पण याचा अर्थ ‘आठवडाभर राहू द्या’ असा काढणं धोक्याचं आहे. गरजेनुसार बदलायचं, तर ती गरज कुणीतरी रोज पाहायला हवी. जिथे दर शिफ्टला जागा पाहिली जात नाही, तिथे आधी पाहणं सुरू करा. तिसऱ्या दिवशी बदलायचा जुना नियम नंतर मोडा.

बदलानंतर पुन्हा चार आठवडे, त्याच तक्त्यावर, त्याच व्याख्येने मोजा. मधल्या काळात ड्रेसिंगची कंपनी बदलली किंवा नवी बॅच रुजू झाली तर तेही लिहून ठेवा, नाहीतर श्रेय भलत्यालाच जातं. आकडे ड्युटी रूममध्ये लावताना कुणी लावलेली सुई सुजली ते लिहू नका. नावं आली की पुढच्या महिन्यात सगळ्या जागांचा स्कोअर शून्य येतो.