सोलापुरात उद्योग-अनुदानाची फाइल जागेवरून अडते: या चुका टाळा

उद्योगासाठी सरकारी अनुदान मागणारा अर्जदार यंत्रांची दरपत्रके दहादा तपासतो आणि पत्त्याचा रकाना मात्र आधार कार्डावरून उतरवून काढतो. ज्या योजनांत अनुदान ठिकाणानुसार बदलते, त्यांत फाइल बहुधा याच रकान्यात अडते.

सोलापुरात सर्वाधिक घोळ होतो तो हद्दवाढ भागात. बाळे, शेळगी, देगाव, केगाव ही गावे 1992 साली महापालिकेत आली, तरी तेथील कित्येक कागदांवर ‘मु. पो.’ आणि ‘ता. उत्तर सोलापूर’ असेच छापलेले असते. शेळगीत कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा उद्योग उभारू पाहणाऱ्या एका ताईंची फाइल मी पाहिली होती. प्रकल्प वीस लाखांचा, अर्ज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा आणि अनुदानाचा हिशेब ग्रामीण दराने, म्हणजे सात लाखांचा. या योजनेत महिलांना ग्रामीण भागात 35 टक्के आणि शहरी भागात 25 टक्के अनुदान मिळते (सर्वसाधारण पुरुष अर्जदारास अनुक्रमे 25 आणि 15), त्यामुळे खरा आकडा पाच लाख होता. दोन लाखांची ही तफावत बँकेच्या लक्षात आली तेव्हा प्रकल्प अहवालाची सगळी आकडेमोड नव्याने करावी लागली.

यावरचा उपाय सोपा आहे. जागेच्या कराची शेवटची पावती काढून पाहावी. ती ग्रामपंचायतीची घरपट्टी असेल तर क्षेत्र ग्रामीण, महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा मिळकतकर असेल तर शहरी. अर्जासोबत क्षेत्राचा दाखला जोडायचा असतोच. तो आधी मिळवावा आणि मगच प्रकल्प अहवाल लिहायला घ्यावा.

दुसरी चूक चिंचोळी एमआयडीसीबाबत होते. बोलताना आपण तिला सोलापूरचीच म्हणतो, पण तालुका मोहोळ. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत (कारखान्याच्या गुंतवणुकीवर करपरतावा वगैरे सवलती देणारी योजना) प्रोत्साहनाचे प्रमाण तालुक्याच्या वर्गवारीवर ठरत असल्याने शहराच्या उत्तर सोलापूर तालुक्याचा वर्ग धरून मांडलेला परताव्याचा हिशेब तेथे लागू होत नाही. शेजारच्या कारखानदाराला काय मिळाले, हा पुरावा नव्हे. त्याचा अर्ज योजनेच्या जुन्या आवृत्तीखालीही असू शकतो.

उद्यम नोंदणीत, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीत, राहत्या घराचा पत्ता आणि माग किंवा गिरणी भलतीकडेच, हाही नेहमीचाच प्रकार आहे. एका उद्योगाला एकच उद्यम क्रमांक मिळतो, मात्र त्याच नोंदणीत कारखान्याची जागा जोडता येते आणि त्यासाठी शुल्क नाही. तरीही लोक एजंटाला पैसे मोजतात, याचे आश्चर्य वाटते.

भौगोलिक मानांकनाचा (उत्पादन विशिष्ट भागाचेच असल्याची कायदेशीर ओळख) अर्थही पुष्कळदा चुकीचा लावला जातो. सोलापुरी चादरीला किंवा मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहे म्हणून त्या परिसरातील प्रत्येक उत्पादकाला अनुदान मिळत नाही. मानांकनाची खूण वापरण्यासाठीही अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. उलट, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ‘एक जिल्हा एक उत्पादन’ यादीत आपला पदार्थ नाही, एवढ्यावरून चालू घरगुती उद्योगाने माघार घेऊ नये. यादीतील उत्पादनास प्राधान्य असले तरी यादीबाहेरच्या चालू उद्योगांनाही प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद त्या योजनेत केलेली आहे.

मंजुरीपूर्वीच मोडीतला माग रोखीने उचलून आणणे ही विडी घरकुलापासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत दिसणारी घाई. रोजगार निर्मिती कार्यक्रमातील पहिले कर्ज केवळ नव्या उद्योगासाठी असते. काम आधीच सुरू झाल्याचे दिसले तर पात्रताच धोक्यात येते आणि बिलाविना घेतलेले यंत्र बँक हिशेबात धरत नाही.

शेवटचा गैरसमज रोकड हातात येण्याविषयीचा आहे. या कार्यक्रमातील अनुदान कर्जदाराच्या नावे तीन वर्षे मुदत ठेवीत राहते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज आकारलेही जात नाही. उद्योग चालू असल्याची प्रत्यक्ष पडताळणी झाल्यावरच रक्कम कर्जात वळती होते. त्या पडताळणीच्या वेळी उद्योग अर्जातल्याच पत्त्यावर सापडला पाहिजे. मध्यंतरी भाड्याची जागा बदलली असेल, तर बँकेला आणि जिल्हा उद्योग केंद्राला लेखी कळवून त्याची पोच फाइलला लावावी.