मुलांसाठी सोनं मागे ठेवताना: खरेदीपासून वाटणीपर्यंत

मुलांसाठी सोनं घेऊन ठेवणारे पुष्कळ असतात. पण पुढे ते मुलांना सापडेल का, शुद्धता दाखवता येईल का, भांडण न होता वाटता येईल का, याचा विचार खरेदी करतानाच व्हायला हवा.

१. आधी मुदत पाहा
सोन्यावर व्याज नाही, लाभांश नाही. मिळेल ते भावातूनच. आणि भाव फार लांबपर्यंत रखडू शकतो. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलेला भाव पुन्हा तिथे पोचायला २००८ उजाडलं. मधल्या काळातली महागाई धरली तर तो तोटाच होता. म्हणून शिक्षणासारखा ठरावीक तारखेचा खर्च सोन्यावर विसंबून ठेवू नका. एकूण संपत्तीच्या ५ ते १० टक्के सोनं पुरेसं आहे.

२. वाटता येईल असं सोनं घ्या
वाटणीत सर्वांत अडचणीचा असतो तो दागिना. विकताना घडणावळ परत मिळत नाही, खड्यांचं वजन वजा होतं, शिवाय २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के आणि १८ कॅरेटमध्ये ७५ टक्केच. एका हाराचे तीन वाटेही होत नाहीत. दागिना आठवण म्हणून जरूर द्या. संपत्ती म्हणून द्यायचं तर ९९९ शुद्धतेची (म्हणजे ९९.९ टक्के सोनं असलेली) नाणी आणि बिस्किटं घ्या.

समजा, तीन मुलांसाठी ३०० ग्रॅम ठेवायचंय. १०० ग्रॅमची तीन बिस्किटं घेतली तर वाटणी सोपी, पण पुढे थोडेच पैसे लागले तरी अख्खं बिस्कीट मोडावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येकाला ५० ग्रॅमचं एक बिस्कीट आणि १० ग्रॅमची पाच नाणी बरी. १ ग्रॅमची नाणी मात्र टाळा, त्यांत प्रतिग्रॅम खर्च बराच जास्त पडतो.

जपण्याची कटकट नको असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता येणारे, सोन्याच्या भावाशी जोडलेले फंड आहेत. युनिट हवे तसे वाटता येतात. मात्र दरवर्षी व्यवस्थापनाचा खर्च कापला जातो.

३. शुद्धता आजच तपासा
सीलबंद पाकीट फोडू नका आणि त्यावरचा क्रमांक टिपून ठेवा. सुटं बिस्कीट असेल तर घरी पाण्यात वजन करता येतं. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा आणि बिस्कीट दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरा. शुद्ध सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट असते, म्हणून १०० ग्रॅमला काटा सुमारे ५.२ ग्रॅम दाखवेल. तांबं किंवा चांदी मिसळलेली असेल तर आकडा वाढतो. टंगस्टन मात्र या परीक्षेतून निसटतं, कारण त्याची घनता १९.२५ आहे. शुद्धता मोजणाऱ्या एक्सरे यंत्रालाही फक्त वरचा थर दिसतो. मोठ्या बिस्किटाच्या आतलं पाहायला अल्ट्रासाउंड तपासणीच करून घ्या.

४. ठेवायची जागा
लॉकर एकट्याच्या नावावर नको. मालक गेल्यावर कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत तो अडकून पडू शकतो. घराच्या विम्यात मौल्यवान वस्तूंसाठी वेगळी मर्यादा असू शकते. ती आधी वाचा.

५. कागद
इथेच सर्वांत जास्त घोळ होतात. यादीत प्रत्येक नगाचं वजन, शुद्धता, क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत आणि जागा लिहा; सोबत पावत्या ठेवा. काही देशांत कर मूळ खरेदी किमतीवरून मोजतात, काही ठिकाणी वारसा मिळाला त्या दिवसाच्या भावावरून, त्यामुळे पावती हरवली तर मुलांना नाहक जास्त कर भरावा लागू शकतो. मृत्युपत्रात ‘माझं सोनं मुलांना’ इतकंच लिहू नका. कोणता नग कोणाला किंवा कोणाला किती ग्रॅम, हे स्पष्ट लिहा. रुपया, डॉलर असा आकडा टाकलात तर भाव बदलताच वाटे असमान होतात. खात्यावर नाव लावलेली व्यक्ती सगळीकडे मालक ठरत नाही, म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळलेलं असू द्या.

यादीची एक प्रत सोन्यापासून दूर ठेवा. वर्षातून एकदा नग यादीशी ताडून पाहा, आणि मुलं सज्ञान झाली की त्या वेळी त्यांना शेजारी बसवा.