थंडीत माउंटन बायकिंग: कपड्यांच्या या चुका टाळा

चढाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा मी घामाने निथळत होतो आणि जाम खुशीत होतो. आत सुती टी-शर्ट, त्यावर जाड स्वेटर, त्यावर हवा न खेळणारं विंडचीटर. थंडी म्हणजे काय हे आज कळणारच नाही, असा थाट. उतार सुरू झाला आणि पाचेक मिनिटांत दात वाजायला लागले. खाली पोचेपर्यंत ब्रेकवरची बोटं सरळ होईनात. पारा तेव्हा ५ अंशांवर होता, म्हणजे काही जीवघेणा गारठा नव्हता. घरी येऊन टी-शर्ट पिळला तर धार लागली. कपडे कमी पडले नव्हते, जास्त झाले होते.

चढावर स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग सायकल पुढे नेण्यात जातो, बाकीची उष्णताच होते. उतारावर पाय थांबतात, ही शेगडी विझते आणि वारा मात्र वाढतो. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा अंगावर घेतलात तर त्वचेला जवळपास ० अंश असल्यासारखं वाटतं. त्यात कपडे ओले असले तर विचारू नका. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेतं.

घरातूनच ऊबदार होऊन निघणं

दारात उभं राहिल्यावर छान ऊब वाटत असेल तर एक थर जास्त आहे. अंगावर जरासा काटा यावा, इतपतच कपडे घाला. दहा मिनिटं पॅडल मारल्यावर सगळं जागेवर येतं. जॅकेटची चेन चढ सुरू व्हायच्या आधी उघडायची. घाम फुटल्यावर उघडून उशीर झालेला असतो. आणि माथ्यावर आपला क्रम असतो आधी फोटो, मग गप्पा, मग खाऊ, आणि कुडकुडायला लागल्यावर जॅकेट. तो उलटा करा. थांबलात की पहिल्या मिनिटात जॅकेट अंगावर, कारण ते ऊब निर्माण करत नाही, आहे तेवढी राखतं.

अंगालगत सुती कपडा

सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं. अंगालगत पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर हवी. पॉलिस्टर झटपट वाळतं, पण दुसऱ्या दिवशी त्याचा वास खोलीभर फिरतो. मेरिनो स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेऊनही फारशी ओली लागत नाही आणि वासही कमी मारते. वाळायला मात्र वेळ घेते. खड्या चढाला मी पॉलिस्टर घालतो, दिवसभराच्या निवांत फेरीला मेरिनो. हा थर अंगाला चिकटूनच हवा. ढगळ असेल तर घाम कापडात न शिरता पाठीवरून ओघळत राहतो. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत सुती चड्डी घालणारे तर हीच चूक सर्वांत नाजूक जागी करतात.

पिसांचं फुगीर जॅकेट विश्रांतीला उत्तम. घालून चढू नका. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब संपते.

कोरड्या थंडीत रेनकोट

पाऊस नसताना पूर्ण वॉटरप्रूफ जॅकेट म्हणजे आतून पाऊस. कोरड्या दिवशी पुढून वारा अडवणारं आणि पाठीला हवा खेळू देणारं जॅकेट पुरतं. पावसात जुनं जॅकेट ‘गळतं’ असं वाटलं तर लगेच नवं घेऊ नका. बऱ्याचदा वरचा पाणी झटकणारा लेप गेलेला असतो, कापड चिंब होतं आणि आतला घाम बाहेर पडू शकत नाही. तसल्या कपड्यांसाठीच्या साबणाने धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, आणि लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वाळवा. पाण्याचे थेंब पुन्हा मोत्यासारखे घरंगळायला लागतात.

बोटं गार, म्हणून ग्लोव्हज जाड

धड गारठलं की शरीर आधी बोटांचं रक्त आखडतं. म्हणून हात गार पडले की मी पहिल्यांदा छातीकडे बघतो: आतला थर ओला आहे का, चेन उघडी राहिली आहे का? वारा अडवणारं एक बिनबाह्यांचं जाकीट जे काम करतं ते कित्येकदा जाड ग्लोव्हजना जमत नाही. जाड ग्लोव्हजमध्ये ब्रेकचा अंदाजही जातो. विकत घेताना ते घालून जॅकेटची चेन लावून बघा. जमत नसेल तर ट्रेलवरही जमणार नाही. घरच्या जोडीवर इलाज म्हणजे चेनच्या टोकाला दोरीचा फास बांधणं. ग्लोव्हज बदलले की ब्रेक लिव्हरचं हँडलपासूनचं अंतरही तपासा. बऱ्याच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकना त्यासाठी छोटा स्क्रू असतो. माझ्याकडे दोन जोड असतात: चढाला पातळ, आणि उतारासाठीचा जॅकेटच्या आत छातीशी खोचलेला.

पायांचीही तीच गत. एकावर एक दोन मोजे चढवून बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटं आणखी बधिर होतात. एकच लोकरीचा मोजा, आणि आत बोटं हलतील एवढी जागा. क्लीटवाल्या बुटात (क्लीट म्हणजे पॅडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा) धातूच्या क्लीटमधून थंडी तळव्यात चढते. आतली गादी जाड घातली की फरक जाणवतो. कडाक्याच्या दिवसांत मी सरळ साधी पॅडल लावतो आणि घोट्यापर्यंतचे ऊबदार बूट घालतो.

हेल्मेटखाली जाड कानटोपी

अर्धी उष्णता डोक्यातून जाते, असं ऐकून लोक कानटोपी कोंबतात. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. जाड टोपीने हेल्मेट वर उचललं जातं आणि पडल्यावर सरकतं. कान झाकणारी पातळ टोपी पुरे. ती घातल्यावर हेल्मेटचा पट्टा आणि मागची चकती पुन्हा जुळवा. चढावर नाकावरचा बफ, म्हणजे गळ्यात घालायची कापडी नळी, खाली ओढा, नाहीतर चष्म्यावर वाफ धरते.

गुडघे झाका, पण ढगळ ट्रॅकपँटने नको. उजवा पाय चेनरिंगमध्ये, म्हणजे पॅडलजवळच्या दातेरी चाकात, गेलाच म्हणून समजा.

सोबतचा कुणी कुडकुडायचा थांबला, अडखळत बोलायला लागला, तर तो बरा झाला असं समजू नका. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेल्याची ती खूण असू शकते. तिथेच थांबा, वाऱ्याआड बसवा, ओले कपडे काढून कोरडे घाला आणि मदत बोलवा.

यासाठीच बॅगेत एक जास्तीचा कोरडा आतला थर असतो. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच ठेवा. पाठीचा घाम बॅगेतही झिरपतो, आणि माझा ‘कोरडा’ टी-शर्ट एकदा अंगावरच्याइतकाच ओला निघाला होता.