खाजगी विद्यापीठाचं ब्रोशर आलं की आधी वर्षं बघा

बारावीचा निकाल लागला की आपल्या सोलापुरात कुणीतरी पाहुणा खाजगी विद्यापीठाचं चकचकीत ब्रोशर घेऊन येतोच. ताईच्या पोरासाठी असंच एक आलं होतं, पहिल्याच पानावर 'चाळीस वर्षांची परंपरा', आणि शोधायला बसलो तर चाळीस वर्षं ट्रस्टची निघाली, विद्यापीठ सहा वर्षांचं. ताई तर टोकन भरायच्या तयारीत होती, म्हणून हे सगळं लिहितोय.

कुठल्याही खाजगी विद्यापीठाच्या इतिहासात तीन वर्षं वेगवेगळी काढायची: ट्रस्ट कधी रजिस्टर झाला, पहिलं कॉलेज कधी निघालं, आणि विद्यापीठाचा कायदा कधी झाला. डिग्री द्यायचा अधिकार तिसऱ्यातून येतो, बाकी दोन कितीही जुनी असू देत. आपल्याकडचंच बघा ना, दयानंद कॉलेज १९४० चं, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाशी जोडलेलं, मग १९४९ ला पुणे विद्यापीठ निघालं, १९६२ ला शिवाजी आणि २००४ ला सोलापूर विद्यापीठ, ज्याला २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे. वडिलांच्या डिग्रीवर 'शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर' छापलंय, धाकट्या बहिणीच्या डिग्रीवर सोलापूर, कॉलेज मात्र एकच. म्हणजे कॉलेजचं वय वेगळं, डिग्री देणाऱ्याचं वेगळं.

आता हे वर्ष शोधायचं कसं, तर यूजीसीच्या (विद्यापीठांवर देखरेख ठेवणारा केंद्राचा अनुदान आयोग) साइटवर राज्यवार खाजगी विद्यापीठांची यादी असते, त्यात नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा, एखादा शब्द इकडेतिकडे असला तरी थांबा. तिथेच बोगस विद्यापीठांची पण यादी असते, तीही एकदा चाळा. मग त्या राज्याचा कायदा किंवा राजपत्र मागा, द्यायला टाळाटाळ केली तर तेवढ्यावरच काय ते समजा. कायद्याला एवढं महत्त्व का, तर छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा करून शंभराच्या वर खाजगी विद्यापीठं उभी केली होती, काहींकडे धड इमारत पण नव्हती, आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी केलेल्या केसमध्ये त्या कायद्यातली कलमंच रद्द केली. त्यात अडकलेल्या पोरांचा विचार केला की अजून पोटात गोळा येतो.

आणखी एक, राज्याच्या खाजगी विद्यापीठाला बाहेरची कॉलेजं संलग्न करता येत नाहीत. त्यामुळे 'डिग्री आमच्या विद्यापीठाची, क्लास इथेच होटगी रोडला' असं कुणी म्हटलं की सरळ उठून या.

विद्यापीठाची वाढ बघायची असेल तर नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासून ग्रेड देणारी संस्था) साइटवर त्यांचा सेल्फ स्टडी रिपोर्ट, म्हणजे त्यांनी स्वतःबद्दल दिलेला अहवाल, मिळतो का बघा. विद्यार्थी किती वाढले यापेक्षा कायम प्राध्यापक किती वाढले हे आधी बघा, ग्रेड विद्यापीठाची आहे का त्याच ट्रस्टच्या जुन्या कॉलेजची हेही विचारा. फार्मसी, लॉ, नर्सिंग असेल तर त्या त्या कौन्सिलची मान्यता वेगळी लागते, आणि ती चालू वर्षाची हवी.

हे सगळं जुळलं की मग कॅम्पस बघायला जा, शक्यतो सुट्टीचा दिवस सोडून, लॅब उघडून दाखवा म्हणा, शेवटच्या वर्षाच्या दोन पोरांशी एकट्यात बोला आणि त्यानंतरच पैसे भरा, तेही विद्यापीठाच्या नावाने पावती घेऊन.