ईजाची फी मागायची असेल तर आधी तारीख बघा

डिसॅबिलिटीच्या भत्त्याच्या केसमध्ये सोशल सिक्युरिटी या अमेरिकी सरकारी एजन्सीविरुद्ध फेडरल कोर्टात जिंकलात, तर वकिलाची फी सरकारकडून मागता येते. कायदा 1980चा, इक्वल ॲक्सेस टू जस्टिस ॲक्ट. ऑफिसात सगळे ‘ईजा’ म्हणतात. न्यू जर्सीत अशाच केसेस करणाऱ्या एका ऑफिसात मी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे, आणि हा अर्ज एकदा माझ्या हातून राहिला. त्याची झळ क्लायंटला लागणार होती. म्हणून इथल्या ऑफिसांत हे काम करणाऱ्या मराठी मंडळींसाठी ही तयारी लिहून ठेवते.

पहिली गोष्ट तारीख. फेडरल जजने केस फेरसुनावणीला परत पाठवली, ती तारीख. पैसे मंजूर झाल्याचं पत्र पुढे कधीतरी येतं, त्याच्या तारखेचा इथे काहीही संबंध नाही. मी नेमकी तीच धरून बसले होते. पाठीच्या दुखण्याने गोदामातली नोकरी गेलेल्या बाईंची केस होती. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी त्या ऑफिसात येऊन रडल्या, मलाही भरून आलं. संध्याकाळी अर्ज तयार करायला म्हणून डॉकेट, म्हणजे कोर्टातली केसची नोंदवही, उघडलं, तर जजमेंटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. मुदत केव्हाच उलटून गेली होती.

हिशोब असा. कोर्टात दाद मागायच्या कलमातल्या, म्हणजे 405(g)मधल्या, चौथ्या वाक्याखालचा रिमांड असेल, म्हणजे जजने एजन्सीचा निर्णय रद्द करून केस परत पाठवली असेल, तर तेच अंतिम जजमेंट आणि तोच तुमचा विजय. सुप्रीम कोर्टाने 1993मध्ये शलाला विरुद्ध शेफरमध्ये हे स्पष्ट केलंय. अपिलाचे 60 दिवस संपले की पुढच्या 30 दिवसांत अर्ज कोर्टात पडला पाहिजे. जजमेंट 6 मार्च 2025ला नोंदलं असेल तर 60 दिवस 5 मेला संपतात आणि शेवटचा दिवस 4 जून. हे बोटांवर मोजू नका. जजमेंटची ईमेल आली की त्याच तासाला दोन्ही तारखा कॅलेंडरवर घाला, तुमच्याही आणि वकिलांच्याही. आणि खरं सांगायचं तर शेवटच्या दिवसाची वाट बघूच नका. संमतीने रिमांड झाला असेल तर 60 दिवस धरायचे की नाही यावर वाद होऊ शकतो, त्या वादात पडायची गरज काय?

ऑर्डरमध्ये चौथं वाक्य आहे की सहावं, ते डोळ्यांनी वाचा. सहाव्या वाक्याखाली कोर्ट केस स्वतःकडेच ठेवतं, अंतिम जजमेंट नंतर येतं, त्यामुळे मुदतही नंतर सुरू होते. आणि ऑर्डर व जजमेंट हे दोन वेगळे कागद असतात. डॉकेटवर नुसती ऑर्डर दिसली आणि वेगळं जजमेंट दिसलं नाही तर वकिलांना लगेच सांगा. पण मनातली मोजणी ऑर्डरपासूनच सुरू करा, लवकर दिलेल्या अर्जाने आजवर आमचं काही बिघडलेलं नाही.

टाइमशीट. हे रोजच्या रोज लिहायचं काम आहे, शेवटच्या आठवड्यात आठवून लिहिलेले तास सरकारी वकील लगेच ओळखतात. सहा-सहा मिनिटांच्या हिशोबाने, एका ओळीत एकच काम. ‘रेकॉर्ड वाचलं, ब्रीफ लिहिली, फोन केला, 9 तास’ अशी ओळ आली की जज कात्री लावतात. पॅरालीगलचे तासही बाजारभावाने मागता येतात, सुप्रीम कोर्टाचा 2008चा रिचलिनचा निकाल आहे. आपण आपलेच तास लिहायला विसरतो. स्कॅनिंग, फायलिंग, पाकिटं पाठवणं धरू नका. एजन्सीपुढच्या सुनावणीचे तासही यात नाहीत, फक्त कोर्टातले.

दर तासाला 125 डॉलर, हा आकडा 1996पासून तसाच आहे. महागाईची वाढ मागता येते, पण ती मागावी लागते. ग्राहक किंमत निर्देशांकाचा तक्ता आणि गुणाकार दोन्ही जोडा.

अर्जात तीन वाक्यं हवीतच: आपण जिंकलो, केस दाखल केली तेव्हा क्लायंटची मालमत्ता 20 लाख डॉलरपेक्षा जास्त नव्हती, आणि सरकारच्या भूमिकेला पुरेसा आधार नव्हता. तिसऱ्याबाबत, आधार होता हे सिद्ध करायचं ओझं सरकारवर आहे, आपण फक्त नव्हता म्हणायचं. ते वाक्य राहिलं तर नंतर घालता येतं, 2004मध्ये स्कारबरोच्या केसमध्ये, तीही एका माजी सैनिकाच्या डिसॅबिलिटीचीच, कोर्टाने तसं करू दिलं. पण तिथे मूळ अर्ज मुदतीत होता. मुदतीत! वाक्य सावरता येतं, गेलेली तारीख सावरून मिळेल या आशेवर राहू नका.

क्लायंटची सही. पैसे कायद्याने क्लायंटचे असतात, वकिलाचे नाहीत, सुप्रीम कोर्टाचा 2010चा ॲस्ट्रू विरुद्ध रॅटलिफचा निकाल आहे. त्यांच्यावर सरकारचं थकलेलं कर्ज असेल, शिक्षणकर्ज वगैरे, तर ट्रेझरी, म्हणजे सरकारी खजिना, त्यातून कापून घेऊ शकते. हे आधी विचारा, आणि फी वकिलांकडे वळवण्याच्या कागदावर पहिल्याच भेटीत सही घ्या. पत्ता, फोन बदललाय का तेही बघा.

मग सरकारी वकिलांना फोन. बऱ्याचदा थोडी रक्कम कमी करून सहमती होते. नाही झाली तर उत्तर द्या, त्या भांडणाचे तासही मागता येतात.

क्लायंटला थकलेला भत्ता मिळाल्यावर त्यातून 25 टक्क्यांपर्यंतच्या फीचा अर्ज वेगळा. दोन्ही मिळाल्या तर त्यातली लहान रक्कम क्लायंटला परत जाते. म्हणजे ईजा राहिला की क्लायंटच्या हातात येणारे पैसे गेले. त्या बाईंचे सुमारे पावणेसहा हजार डॉलर असे जाणार होते. आमच्या वकीलबाईंनी तेवढी रक्कम स्वतःच्या फीतून सोडली, तेव्हा कुठे त्या बाईंचा हिशोब पुरा झाला.

चेक आला की फाइलमध्ये नोंद, परताव्याचा चेक त्याच आठवड्यात, पोच घ्या. आणि आज ऑफिसात जितक्या रिमांडच्या फाइली उघड्या आहेत, त्या सगळ्यांची डॉकेट आजच उघडून जजमेंटची तारीख बघा.