एसटीने कोथळीगड: निघण्याआधी

कोथळीगड, म्हणजे पेठचा किल्ला, एका दिवसात होतो. कर्जतपर्यंत लोकल, तिथून जामरुखची एसटी, आंबिवलीला उतरायचं आणि पेठ गावातून वर. जाण्याचं सगळे नीट जुळवतात, येण्याचं कुणी विचारत नाही. म्हणून यादीत सगळ्यात आधी हे: आंबिवलीहून कर्जतकडे येणारी शेवटची गाडी किती वाजता?

स्टँडवरच्या फलकावर गाड्या तिथून सुटण्याच्या वेळा असतात, गावाहून परतण्याच्या नाहीत. चौकशीच्या खिडकीवर विचारा, गाडीत कंडक्टरला विचारा, उतरल्यावर गावात विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर सगळ्यात लवकरची वेळ धरा. सांगितलेली वेळ जामरुखहून सुटायची की आंबिवलीला यायची, हेही विचारा. रविवारी ती फेरी असते का? शाळेच्या मुलांसाठीच्या फेऱ्या रविवारी आणि सुट्टीत बंद असतात, आणि आपण नेमके रविवारीच जातो. शिवाय संध्याकाळची गाडी मुक्कामी तर नाही ना? मुक्कामी गाडी रात्री गावातच राहते आणि सकाळी परत निघते. तिला बघून हुरळू नका.

आता उलटा हिशेब करा. गाडी पाचची असेल तर साडेचारला रस्त्यावर हजर. उतरायला दोन तास, वर अर्धा तास हाताशी, म्हणजे दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं. माथा पाच मिनिटांवर दिसत असला तरी. चढायला रमतगमत तीन तास लागतात, तेव्हा अकरानंतर आंबिवलीत उतरणाऱ्याने पेठ गावापर्यंतच जावं.

पाणी माणशी तीन लिटर. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर एखादा लिटर जास्तच. पेठेत घरगुती जेवण मिळतं, पण जाताना सांगून ठेवा, नाहीतर उतरताना चूल पेटायची वाट बघत बसाल आणि गाडी चुकेल. बूट खाचा असलेल्या सोलचे. सुळक्याच्या पोटात कोरलेला जिना पावसात शेवाळलेला असतो आणि पायऱ्या उंच आहेत; गुळगुळीत तळव्याचे जॉगिंगचे बूट तिथे घसरतातच. गुहेसाठी टॉर्च हवी. मोबाइलची नको, मोबाइलची बॅटरी परतीसाठी राखायची. सुटे पैसे दहा-वीसच्या नोटांत. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

आणि गाडी चुकलीच तर? कर्जतच्या वाटेवरच्या कशेळे गावात कर्जतची टमटम मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि अंधार पडला की फेऱ्या विरळ होतात. सकाळी कर्जतला किंवा कशेळ्याला एखाद्या टमटमवाल्याचा नंबर घ्या आणि कागदावर लिहा. कागदावर, फोनमध्ये नाही. आंबिवलीपर्यंत यायचं काय घेणार तेही तेव्हाच ठरवा. रात्री सहाजण रस्त्यावर ताटकळत उभे असताना भाव करता येत नाही.

बाकी नेहमीचंच: टोपी, इलेक्ट्रल, बँडेज, कचऱ्याला पिशवी. पावसाळ्यात कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये. लोकलचं रिटर्न तिकीट सकाळीच काढा, रविवारी संध्याकाळी कर्जतच्या खिडकीवर रांग असते.