लेबलवरचा ‘सेक’ कसा वाचायचा

नाशिकजवळ गंगापूर धरणाकडे किंवा दिंडोरीला वाईन चाखायची सवय लागली, की कधीतरी परदेशी बाटलीही हातात येते. लेबलवर ‘सेक’ दिसलं तर आधी बाटलीचं तोंड बघा. बुचावर तारेची जाळी असेल तर वाईन फसफसणारी, म्हणजे स्पार्कलिंग. तिथे या शब्दाचा अर्थ फिरतो.

मूळ लॅटिन ‘सिक्कुस’, म्हणजे कोरडा. फ्रेंच आणि रोमेनियनमध्ये सेक, स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये सेको, इटालियनमध्ये सेक्को. कोरडी वाईन म्हणजे गोडी नसलेली. साध्या वाईनवर हा अर्थ चालतो: युरोपीय संघाच्या नियमाने लिटरला 4 ग्रॅमपर्यंत साखर, आंबटपणा पुरेसा असेल तर 9. स्पार्कलिंगवर मात्र ‘सेक’ म्हणजे 17 ते 32 ग्रॅम. 32 धरले तर 750 मिलीच्या बाटलीत 24 ग्रॅम, म्हणजे सहा चहाचे चमचे साखर! एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन भलतीच गोड असायची. तिच्यापुढे ही कोरडी वाटली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

खरंच कोरडी हवी असेल तर ‘ब्रूत’ शोधा, 12 ग्रॅमच्या आत. ‘एक्स्ट्रा सेक’ नावाला भुलू नका; 12 ते 17, म्हणजे ब्रूतपेक्षा गोडच. ‘दमी-सेक’ 32 ते 50. ती जेवणानंतरच्या गोडाबरोबर.

जर्मन बाटलीवरचा ‘झेक्ट’ याच सेक्कोचा वंशज, पण आज त्याचा अर्थ नुसता स्पार्कलिंग वाईन. कोरड्याला जर्मन शब्द ‘त्रोकेन’, आणि झेक्टवर तोही 17 ते 32च!

‘प्रोसेक्को’त सेक्को ऐकू येतं, पण ते त्रिएस्तेजवळच्या गावाचं नाव; कोरडेपणाशी संबंध नाही. घड्याळाचा ‘सेक’ही वेगळा, तो ‘सेकुंदा’चा, म्हणजे ‘दुसरी’चा: तासाची दुसऱ्यांदा केलेली वाटणी.

आपला ‘सुका’ही ‘सेक’चा भाऊ नव्हे. तो ‘शुष्क’वरून आलेला, आणि त्याचं गोत्र रशियन ‘सुखोय’शी जुळतं. त्यामुळे रशियन लेबलवरचं ‘सुखोये’ मराठी माणसाला न शिकता कळावं.

आणि शेजारचा फ्रेंच पाहुणा ‘क्यु सेक!’ म्हणाला तर लेबल वाचत बसू नका. ग्लासचा तळ कोरडा करायला सांगतोय तो, एका दमात.